चित्र आलंय, आवाज नाही

माझ्या सासऱ्यांचं आधी हसू बदललं आणि मग माणूस गेला. मेले नाहीत, घरातच होते, पण गेले. काही विचारलं की गोड हसायचे आणि 'हो' म्हणायचे. भाकरी देऊ का, हो. अंघोळ झाली का, हो. हा समोर बसलाय तो कोण, हो. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावातून एका दुपारी ते अनवाणी चालत निघाले आणि सापडले ते भलत्याच तालुक्याच्या एसटी स्टँडवर. तेव्हा त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. पुढचं त्यांचं सगळं गावी राहून मीच केलं, अगदी शेवटपर्यंत. म्हणून ते हसू मला पाठ आहे. आणि तेच हसू सुरतेत, गोडादऱ्यातल्या माझ्या घरात, एका सकाळी माझ्या नवऱ्याच्या तोंडावर दिसलं.

मी विचारलं होतं, वरण वाढू की भाजीचा रस्सा? ते म्हणाले, हो. आणि हसले. माझ्या हातात पळी तशीच राहिली. काळजात धस्स झालं म्हणतात ना, ते मला तोवर फक्त ऐकून माहीत होतं. मी वरण वाढलं, रस्साही वाढला, आणि ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. असं काही नसेल, झोप झाली नसेल, रातपाळीचा माणूस, डोकं जड झालं असेल, असं स्वतःला समजावत होते. पण मन चिंती ते वैरी न चिंती. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले, आणि नजर ठेवली की काय, हवं ते सगळं दिसायला लागतं.

आमचे हे यंत्रमागाच्या कारखान्यात. इथे त्याला सगळे 'खातं' म्हणतात. लग्न होऊन मी सुरतेत आले तेव्हाही ते खात्यातच होते आणि आजही आहेत. खात्याच्या दारात उभं राहिलं तरी दात हलायला लागतात, एवढा खडखडाट. आत कुणी कुणाशी बोलत नाही. हाताने दाखवतात, तोंडाचा मोठा आकार करतात, बस. मी सुरुवातीला डबा घेऊन जायचे तेव्हा मला ते सगळे पुरुष वेडे वाटायचे, काचेच्या पेटीतल्या माशांसारखे नुसते तोंड उघडमिट करतात. मग सवय झाली. मी घरीच असते, साड्यांना खडे चिकटवते. मांडीवर साडी, एका हातात गोंदाची नळी, मान खाली आणि तोंड चालू. माझं तोंड बंद असलेलं आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. ह्यांचं उलटं. हे मुळातच मोजकं बोलणारे. त्यामुळे आमच्या घरात बोलायचं काम माझं आणि हुंकार द्यायचं काम ह्यांचं, ही वाटणी जुनीच होती.

तो हुंकार कमी होत गेला होता, हे मला त्या सकाळनंतर कळलं. मी गॅलरीतून हाक मारायचे, हे खाली सायकलीला कुलूप लावत असायचे, वर बघायचे नाहीत. पोरगी कॉलेज संपवून मार्केटच्या एका ऑफिसात लागली होती. ऑनलाइन साड्या विकतात, ते ऑफिस. ती संध्याकाळी येऊन पप्पा पप्पा करत काहीतरी सांगायची, अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. हे तिच्याकडे बघत राहायचे आणि ते हसू हसायचे. ती चिडायची. म्हणायची, मम्मी, पप्पांना माझ्यात काही इंटरेस्टच नाही. मी तिला गप्प करायचे. कारण खरं काय ते तोंडावर आणायची माझी छाती नव्हती.

मग कुकरचं झालं. मी तयार साड्यांचा गठ्ठा द्यायला ठेकेदाराकडे गेले होते. कुकर चढवून गेले आणि ह्यांना सांगून गेले, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. हो म्हणाले. परत आले तर जिन्यातच करपल्याचा वास. धावत वर गेले. कुकरमधलं पाणी कधीच आटलेलं, डाळ कोळसा झालेली, आणि हे त्याच खोलीत, गॅसपासून हातभर अंतरावर, पंख्याखाली आडवे पडून छताकडे बघत होते. झोपले नव्हते. जागे होते. मला बघून उठून बसले आणि नाक आक्रसून म्हणाले, काही जळतंय का गं?

मी गॅस बंद केला. बोलले काहीच नाही. मी न बोलणं म्हणजे केवढं, ते आमच्या शेजारणीला विचारा. ओट्याला धरून उभी राहिले. सासऱ्यांनी एकदा चुलीतलं लाकूड गोधडीवर ठेवलं होतं, ते डोळ्यांसमोर आलं. तेव्हाही ते असेच शांत बसले होते.

शेजारीण आमच्याकडचीच, पारोळ्याची. तिला तेवढं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली की बाहेरचं काही नाही ना, एकदा दाखवून घे. मी तिला झटकून टाकलं. म्हटलं, बाहेरचं बिहेरचं काही नाही, आमच्या घरातलंच आहे, रक्तातलं आहे. आणि ते शब्द माझ्याच तोंडून ऐकून मला रडू फुटलं. श्रावणात आमच्याकडची देवी, कानबाई, बसली तेव्हा मी तिच्यापुढे पदर पसरला. माय, ह्यांना माझं नाव विसरू देऊ नको, एवढंच मागितलं. डॉक्टरकडे का नेलं नाही, असं आता पोरगी विचारते. नेणार होते. रोज उद्या नेणार होते. डॉक्टरने त्या आजाराचं नाव घेतलं की तो खरा होणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. भीतीला अक्कल नसते.

टीव्हीचं पोरीच्या डोक्यात आलं. मी शेवटी तिला सगळं सांगितलं, आजोबांचं हसू, कुकर, सगळं. ती पांढरी पडली. मग मोबाइलवर शोधशोध करून म्हणाली की अशा माणसाला एकटं भिंतीकडे बघत बसू द्यायचं नसतं, मन गुंतवायचं असतं, गोष्टी, मालिका, काहीही. आणि ते मला एकदम पटलं, कारण ह्यांचा जीव टीव्हीत होता. एकेकाळी पाळी संपवून आले की हात धुवायच्या आधी टीव्ही लावायचे. ते बंद होऊन बरेच दिवस झाले होते. आमचा टीव्ही म्हणजे जुना डबा, मागे पोट सुटलेला. केबलच्या चित्रात एका माणसाच्या बाजूला त्याची सावली उभी. मी म्हटलं, काय सांगावं, चित्र धड दिसत नाही म्हणून सोडलं असेल बघायचं. नवा घेऊ. चांगलं दिसलं तर बसतील, बसले तर गुंततील, गुंतले तर थांबतील. मला त्यांना थांबवायचं होतं. लोक टीव्ही मौजेसाठी घेतात, मी औषधासारखा घेतला.

दुकानात आम्ही तिघं गेलो. आत शिरलो तर भिंतभर टीव्ही, एकाला चिकटून एक, आणि दुकानदाराने सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवलेले. कोपऱ्यात एकच स्पीकर, त्यावर कुठलंतरी गरब्याचं गाणं. पोरगी आणि तो सेल्समन गुजरातीत इंचांवरून घासाघीस करायला लागले. मी मधेच विचारलं की ह्यात एचडी आधीपासून भरलेलं असतं की घरी जाऊन भरायचं. सेल्समन हसला. पोरीने कपाळावर हात मारला. मग तिने समजावलं की टीव्ही एचडी घेतला म्हणून चॅनल एचडी होत नाहीत, घरी सिग्नलही एचडीचाच यावा लागतो, त्यासाठी वेगळी डिश, वेगळा बॉक्स. म्हटलं, म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. हे सगळं चाललं असताना माझं ह्यांच्यावरून लक्ष उडालं होतं.

वळून बघते तर हे जागेवर नाहीत. चप्पल न घालता दुपारी निघालेला तो म्हातारा मला दिसायला लागला. दुकानाच्या दाराकडे धावले, रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं, मग परत आत. हे भिंतीच्या पार टोकाला एका मोठ्या टीव्हीसमोर उभे होते. त्यावर दोन बायका समोरासमोर बसून काही बोलत होत्या, तोंडं एवढी मोठी की दातात अडकलेली बडीशेप दिसावी. आवाज शून्य. आणि हे त्या मुक्या टीव्हीसमोर उभे राहून हसत होते. ते गोड हसू नाही, खरं हसू, पोट हलणारं. मधेच ओठ पुटपुटत होते. दुकानातला एक माणूस दुसऱ्याला कोपराने ढोसून ह्यांच्याकडे दाखवत होता.

मला वाटलं संपलं. आता झालं. मुक्या चित्राशी बोलून हसणारा माणूस अजून किती दिवस आपला असणार? मी जाऊन त्यांचा दंड धरला. ते माझ्याकडे वळले आणि इतके खुशीत होते की मला तो दंड सोडवेना. म्हणाले, हा घ्या, हा फार साफ आहे. पोरीने तोच घेतला. मी नको म्हणाले नाही, हो म्हणाले नाही. रिक्षात मी मधे बसले आणि घर येईपर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

टीव्ही आला, भिंतीवर बसला, आणि आमच्या जुन्या केबलला जोडला. काय सांगू. माणसांची तोंडं भाकरीसारखी रुंद झाली आणि डाग पूर्वीपेक्षा जास्त. आता डागही मोठे दिसत होते. शेजारीण बघायला आली आणि चहा पिऊन न बोलता गेली, म्हणजे काय ते कळलं. हे त्याच्यासमोर थोडा वेळ बसले, डोळे बारीक केले, मान पुढे काढली, आणि मग उठून जाऊन गॅलरीच्या दारात पाठ करून बसले. तो बसलेला पाठमोरा माणूस बघून मला टीव्ही फोडावासा वाटला. पोरगी म्हणाली, मम्मी, थांब, एचडी आलं की बदलेल. मी म्हटलं, तुझं एचडी येईपर्यंत तुझा बाप राहतोय का बघ. असं बोलायला नको होतं. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

डिश लावायला जो माणूस आला तो हिंदी बोलणारा, चाळिशीचा, घामाघूम. पोरगी ऑफिसात होती. ह्यांना त्या दिवशी सुट्टी. त्याने आधी अगाशीवर जाऊन छत्री बसवली, मग वायर खाली सोडली, मग बॉक्स जोडला आणि मराठी चॅनल लागेनात. इथे गुजराती, हिंदी आपोआप येतात, मराठी एचडी वेगळं सांगून मागावं लागतं. तो फोनवर कुणाकुणाशी भांडला. शेवटी चॅनल चालू झाले, तर चित्र तसंच, धुरकट. मी कंबरेवर हात ठेवून उभी. म्हटलं, भैया, हेच का तुमचं एचडी? त्याने मागे वाकून बघितलं, जीभ चावली आणि पिशवीतून जाड काळी वायर काढून लावली. पिवळी-लाल-पांढरी टोकं असलेली जुनी वायर त्याने चुकून लावली होती.

आणि मग चित्र आलं. खोटं कशाला बोलू, मी दोन पावलं मागे सरले. मालिकेतल्या सासूच्या मानेवरची पावडर दिसत होती. तिच्या साडीला लावलेले खडे दिसत होते, आणि ते वाकडे लावलेत हेही. हे पलंगावर बसले होते, ते पुढे सरकून अगदी कडेवर आले.

माणूस रिमोट दाबत राहिला. मग म्हणाला, "आंटी, पिक्चर आ गया, आवाज नहीं आ रहा." एचडी चॅनलवर आवाज नव्हता, साध्या चॅनलवर होता. बॉक्सच्या आत आवाजाची काही सेटिंग बदलावी लागते म्हणे. त्याला ऑफिसात कुणाला तरी विचारायचं होतं, आणि खोलीत रेंज नाही म्हणून तो फोन घेऊन अगाशीवर गेला. टीव्ही चालू ठेवून गेला. मुका.

मी खाली बसून साडी मांडीवर ओढली. काम पडलं होतं आणि मला त्या चित्राकडे बघवत नव्हतं. हे हसू लागले. दुकानातलं तेच हसू. माझे हात थांबले, पण मान वर करायचा धीर झाला नाही. मग ते बोलायला लागले, माझ्याशी, कितीतरी दिवसांनी आपणहून. म्हणाले, ही म्हातारी बघ कशी आहे, दागिने हिनेच लपवलेत आणि सुनेला म्हणते तू कपाट उघडं ठेवलंस. थोड्या वेळाने म्हणाले, आता सून म्हणते मी माहेरी जाते. आणि लगेच, नाही जाणार, बघ तू, ही नाही जाणार.

मी साडीकडे बघत पुटपुटले की अहो, आवाज तरी आहे का त्याला, कुठून ऐकता तुम्ही हे सगळं. काही उत्तर नाही. मी मान वर केली. पडद्यावर सून बोलत होती, तोंड पडद्याभर. हे तिच्या ओठांकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, साडीकडे नाही, ओठांकडे. आणि खात्यात ज्या तऱ्हेने सगळे एकमेकांकडे बघतात ना, तसंच बघत होते.

मला एकदम कळलं असं नाही. आधी अंगाला कळलं. मी उठले, रॅकमधली मोठी पितळी परात काढली आणि ह्यांच्या पाठीमागे उभी राहिले. 'अहो' म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग परात हातात धरून तिच्यावर लाटणं हाणलं, जोरात, पुन्हा पुन्हा. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, काय चाललंय. समोरच्या गॅलरीतलं कबुतर उडालं. ह्यांची मान हलली नाही. ते सुनेचं ऐकत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझी आई म्हणायची. मी वेड शोधत फिरत होते आणि इथे कान गेले होते. अहो, ज्या खात्यात माणूस आयुष्यभर उभा राहतो तिथे कानांचं काय होणार, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण गल्लीत सगळेच खात्यातले. सगळ्यांच्या घरात ओरडूनच बोलतात, सगळेच हातवारे करतात, सगळेच एकदा सांगून ऐकत नाहीत. आमच्यात बहिरा माणूस वेगळा दिसतच नाही. आणि मी तर बोलायचे ती साडीत तोंड खुपसून. तिथून त्यांना दिसणार काय, माझा भांग?

मी समोर जाऊन उभी राहिले. टीव्ही झाकला गेला म्हणून त्यांनी वैतागून वर बघितलं. मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, वरण वाढू की रस्सा?

"रस्सा," ते म्हणाले. "पण ही काय जेवायची वेळ आहे?"

मला हसू आलं आणि ते थांबेना. जमिनीवर बसून, परात मांडीवर घेऊन हसले. हा माणूस कुठे गेला नव्हता. तो इथेच होता, पूर्ण, रस्सा मागत होता, वेळेवरून मला टोचत होता. कानबाईच्या नावाने मी हात जोडले. हे माझ्याकडे असे बघत होते की आता हिलाच काहीतरी झालंय.

तेवढ्यात डिशवाला उतरून आला, रिमोट घेऊन बॉक्सच्या पोटात कुठे कुठे गेला, आणि एकदम घर दणाणलं. सून आणि सासू दोघी घसा फोडून बोलायला लागल्या. त्याने ह्यांना विचारलं, अंकल, आवाज ठीक है ना? त्याचं तोंड टीव्हीकडे होतं. ह्यांनी गोड हसून मान हलवली, हो, हो. तेच हसू. सासऱ्यांचं म्हणून मी ज्याला घाबरले होते ते. आता मला दिसलं की ते हसू रिकामं नव्हतं. त्याच्या मागे माणूस घाबरून उभा होता, आपण पकडले जाऊ म्हणून.

डिशवाला गेला, मी दार लावलं, टीव्ही बंद केला. आणि हसू ओसरल्याबरोबर दुसरी भीती चढली, पहिलीपेक्षा धडधाकट. रोज सायकलवर जातात हे. पलसाण्याकडून कापडाचे गठ्ठे भरून येणारे ट्रक ज्या रस्त्याने अंगावर येतात त्याच रस्त्याने, अंधारात, उजेडात, आणि कानात एक हॉर्न नाही. कुणी मागून 'बाजूला हो' म्हणून ओरडलं असेल. कितीदा ओरडलं असेल. मी इथे बसून त्यांची आठवण जाईल म्हणून रडत होते आणि तिकडे माणूसच जायची वेळ रोज येत होती. आणि मला राग आला, असला राग की परात भिंतीवर फेकावी.

त्यांच्यासमोर पलंगावर बसले, तोंडासमोर तोंड. म्हटलं, कधीपासून? त्यांनी नजर खाली घातली. खाली घातली की त्यांना ऐकू येणं बंद होतं, हे मला त्या क्षणी समजलं, आणि मी त्यांची हनुवटी धरून वर केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी धरलं नव्हतं. म्हटलं, मला का नाही सांगितलं? मी कोण आहे तुमची? मी इकडे तुम्हाला वेड लागलं म्हणून मरत होते.

मग त्यांनी खात्यातल्या एका जुन्या कारागिराचं सांगितलं. त्याचे कान ह्यांच्या आधी गेले. सुरुवातीला त्याच्या घरी सगळे त्याच्याशी ओरडून बोलायचे, मग थकले, मग नुसते हात दाखवायला लागले. हे एकदा त्याच्याकडे जेवायला गेले होते. त्याची बायको आली, दोघांची ताटं ठेवली, बोटाने 'जेवा' असं दाखवलं आणि आत जाऊन पोरांशी हसत बोलत बसली. तो कारागीर ह्यांना म्हणाला, की माझ्या घरात मला भाकरी मिळते, बोलणं मिळत नाही. हे सांगताना ह्यांचा आवाज उगाच मोठा होत होता, त्यांना कळत नव्हतं.

"तू दिवसभर बोलत राहतेस," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही, पण तुझं बोलणं चालू आहे, हे दिसतं. ते बंद झालं असतं." आणि मग आमच्या घरच्या बोलीत, अहिराणीत, जशी आई समोर असावी तसं म्हणाले, "बहिरासंगे कोन बोलस?"

बहिऱ्याशी कोण बोलतं. मला बोलायचं होतं. मी बोलणार होते. मी बोलते, मेल्या, मी मरेपर्यंत बोलेन, तू थकशील ऐकून, हे सगळं ओठांवर आलं होतं. पण गळा असा भरून आला की शब्द फुटेना, ओठ नुसते थरथरत राहिले.

ते माझ्या ओठांकडे बघत होते. पुढे झुकले. आणखी जवळ आले. आणि मी पहिल्यांदा बघितलं की ह्या माणसाला किती भीती वाटते.

"काय म्हननी?" ते म्हणाले. "माले समजनं नही. परत सांग."